तेलाच्या नद्या: ओगोनींच्या चिखलामागचा इतिहास

१२ जून २०२५ रोजी नायजेरियाचे अध्यक्ष बोला टिनुबू यांनी नऊ जणांना माफी जाहीर केली. त्या नवांपैकी कोणीही हयात नाही. लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हार्कोर्टच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली होती. लेखक केन सारो-विवा हे त्यांतलं जगभर माहीत असलेलं नाव. बाकीचे आठही त्यांच्याच ओगोनी समाजाचे. माफीची बातमी आली तेव्हा ओगोनींनी तिचं स्वागत केलं, पण लगेच विचारलंही: माफी गुन्हा केलेल्याला देतात, यांनी कोणता गुन्हा केला होता? त्यांना निर्दोष ठरवा.

हा प्रश्न समजायचा तर बरंच मागे जावं लागतं. ओगोनींचा मुलूख नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात, म्हणजे डेल्टात, पूर्वेच्या अंगाला, जेमतेम हजार चौरस किलोमीटरचा. पेट्रोलियम सापडण्याच्या कितीतरी आधीपासून या किनाऱ्याचं नाव तेलाशी जोडलेलं होतं. १८८५ साली ब्रिटिशांनी हा आपला संरक्षित प्रदेश जाहीर केला आणि त्याला नाव दिलं ऑइल रिव्हर्स, म्हणजे तेलाच्या नद्या. ते तेल पामच्या फळांचं. इंग्लंडातल्या यंत्रांना वंगण आणि साबणाला चरबी हवी होती. ती बॉनीसारख्या बंदरांतून जहाजं भरभरून जाई. कच्चा माल इथून जायचा आणि भाव दुसरीकडे ठरायचा, ही वहिवाट तेव्हाच पडली.

१९५६ साली ओलोइबिरी गावी शेल-बीपी कंपनीला विकण्याजोगं खनिज तेल लागलं आणि १९५८ साली पहिली निर्यात झाली. त्याच वर्षी ओगोनींच्या जमिनीतही बोमूचा तेलसाठा सापडला. १ ऑक्टोबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला. तेव्हाच्या घटनेप्रमाणे खनिजाच्या उत्पन्नातला निम्मा वाटा ते जिथून निघतं त्या प्रांताला परत मिळायचा. पुढे १९६७ ते १९७० देशातून फुटू पाहणाऱ्या पूर्वेकडच्या बियाफ्राचं यादवी युद्ध झालं आणि तेलावर पकड कोणाची, हा केंद्राच्या जिव्हाळ्याचा विषय बनला. १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने जमिनीखालचं सगळं तेल सरकारचं झालं. १९७८ च्या कायद्याने जमीनही राज्याच्या गव्हर्नरच्या ताब्यात गेली. निम्मा वाटा घसरत घसरत ऐंशीच्या दशकात दीड टक्क्यावर आला. १९९९ च्या घटनेने तो किमान १३ टक्के केला, पण तोवर चार दशकं उलटली होती.

मला या सगळ्या कहाणीत १९६९ आणि १९७८ चे हे दोन कायदे सर्वांत महत्त्वाचे वाटतात. डेल्टाच्या प्रदूषणाबद्दल बोलताना आपण फुटलेल्या तेलवाहिन्या आणि काळ्या खाड्यांपाशी थांबतो. पण वाहिनी कुठून जाणार, ती गंजली तर बदलायची कधी, सांडलेल्या तेलाची भरपाई किती, यातलं काहीही ठरवण्याचा हक्क तिच्या शेजारी राहणाऱ्यांकडे नव्हता. तो आधीच कागदावर काढून घेतला होता.

शेजारी राहणारे म्हणजे कोण? ओहोटी लागली की टोपल्या घेऊन गुडघाभर चिखलात उतरणाऱ्या बायका. खारफुटीच्या मुळांभोवती निमुळत्या काळ्या शंखातला पेरिविंकल नावाचा जीव सापडतो, तो त्या वेचतात. शंखाचं टोक तोडून तो कालवणात टाकतात, म्हणजे मांस ओढून खाता येतं. उरलेले शंखही फुकट जात नाहीत, बांधकामात खडीच्या जागी घालतात. पुरुष छोट्या होड्या घेऊन मासेमारी करतात आणि उंचवट्यावर कसावा व याम ही कंदमुळं पिकतात. या जगण्याचा आधार म्हणजे कांदळवन. चिखलात हवा नसते, म्हणून तिथली झाडं पाण्यावर काढलेल्या मुळांनी श्वास घेतात. त्या मुळांवर तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. भरतीचं पाणी तेच तेल आत आत नेतं, ओहोटीला थोडं बाहेर येतं, बाकीचं चिखलात मुरतं. त्यामुळे एकदा सांडलेलं तेल वर्षानुवर्षं, दर भरतीला पुन्हा सांडत राहतं.

दुसरी गोष्ट आगीची. तेलाबरोबर वायूही वर येतो. तो साठवायला किंवा वाहून न्यायला खर्च येतो, म्हणून तो जागेवरच जाळायची पद्धत पडली. गावाशेजारी दिवसरात्र धगधगणारी ज्योत, काळोख म्हणून नाहीच. काही ठिकाणी बायका या आगीच्या धगीवर कसावाचे पदार्थ वाळवायला ठेवतात. फुकटची आग, पण तोंडावर काजळी. १९७९ च्या कायद्याने १ जानेवारी १९८४ नंतर विनापरवाना वायू जाळायला बंदी घातली. परवाने मिळत राहिले. दंड इतका किरकोळ होता की यंत्रणा उभारण्यापेक्षा तो भरणं परवडे. नोव्हेंबर २००५ मध्ये बेनिन शहरातल्या उच्च न्यायालयाने, वायू जाळणं हा इवेरेकान गावच्या लोकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल दिला. ज्योती तरीही जळत राहिल्या. हवामान बदलाचा आणि या गावांचा संबंध इथे डोळ्यांनी दिसतो: ज्या धुराने गावाची हवा नासते, तोच वर जाऊन पृथ्वी तापवतो.

१९९० साली ओगोनींनी आपला हक्कांचा जाहीरनामा काढला आणि ‘मोसोप’ ही संघटना उभी केली. दूरचित्रवाणी मालिकेमुळे घराघरांत पोचलेले सारो-विवा तिचा आवाज झाले. ४ जानेवारी १९९३ रोजी सुमारे ३ लाख लोक रस्त्यावर उतरले. एकूण ओगोनी तेव्हा पाचेक लाख, म्हणजे निम्म्याहून जास्त समाज रस्त्यावर होता. मोर्चा शांततेत झाला. त्याच वर्षी शेलने ओगोनीतलं उत्पादन थांबवलं. मग लष्कर आलं. मे १९९४ मध्ये चार ओगोनी प्रमुखांचा जमावाने खून केला. त्याचा ठपका सारो-विवा आणि साथीदारांवर ठेवून खास न्यायाधिकरणापुढे खटला चालवला गेला. लष्करशहा सानी अबाचा यांच्या राजवटीने जगभरच्या विनवण्या धुडकावून फाशी दिली, आणि राष्ट्रकुलाने नायजेरियाला निलंबित केलं. पुढे २००९ साली मृतांच्या नातेवाइकांनी भरलेल्या न्यूयॉर्कच्या खटल्यात शेलने दोष न मानता १.५५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

विहिरी थांबल्या, वाहिन्या मात्र थांबल्या नाहीत. ओगोनीतून बॉनीच्या बंदराकडे जाणाऱ्या जुन्या वाहिनीतून २००८ साली बोडो गावाच्या खाडीत दोनदा तेल सांडलं. गावकऱ्यांच्या म्हणण्यानुसार पहिली गळती बंद व्हायला दहा आठवडे लागले. शेलचा आकडा दोन्ही मिळून चारेक हजार पिंपांचा होता, पुढे न्यायालयात तो कमी धरला गेल्याचं तिने कबूल केलं. लंडनमध्ये दावा दाखल झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये ५.५ कोटी पौंडांवर तडजोड झाली. त्यातून १५,६०० जणांच्या वाट्याला प्रत्येकी सुमारे २,२०० पौंड आले, बाकीची रक्कम गावासाठी होती. पुष्कळशा गळत्या तेलचोरीमुळे होतात, असं कंपन्या सांगतात. चोरी होते, हे खरंच आहे. पण घातपात ठरला की भरपाई मिळत नाही, आणि कारण ठरवायच्या पाहणीत कंपनीचाच शब्द जड. त्यामुळे गावांचा त्या अहवालांवर विश्वास उरला नाही.

२०११ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने ओगोनीभूमीचा अहवाल दिला. दोनशेहून अधिक ठिकाणं तपासली होती. ४९ जागी तेल जमिनीत किमान पाच मीटर खोल उतरलेलं आढळलं. ओगाले भागात लोक ज्या विहिरींचं पाणी पीत होते, त्यांत बेंझीनचं प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पट होतं. एके ठिकाणी भूजलावर आठ सेंटिमीटर जाडीचा तेलाचा थर तरंगत होता. बेंझीनने कर्करोग होतो. घागर भरताना पाण्याला वास येतो हे तिथल्या बायकांना प्रयोगशाळेच्या आधीच कळलेलं होतं, मला हीच गोष्ट जास्त टोचते. सगळं पूर्ववत व्हायला २५ ते ३० वर्षं लागतील, असं अहवाल म्हणाला. सफाईचा नारळ फुटला जून २०१६ मध्ये, पाच वर्षांनी.

मधल्या काळात पोटापाण्याची नवी, भयानक वाट निघाली. मासे गेले, नोकरी नाही, मग तरुण पोरं वाहिनीतलं तेल काढून खाडीकाठी पिंपांत उकळू लागली. या बेकायदा भट्ट्यांना ते ‘क्पो-फायर’ म्हणतात. उरलेला डांबरासारखा गाळ सरळ पाण्यात जातो. सुरक्षा दलं छापा घालून भट्ट्या पेटवून देतात, त्याचाही धूर होतो. २०१६ च्या अखेरीपासून पोर्ट हार्कोर्टच्या घरांत काळी काजळी बसू लागली. फरशी पुसली तरी सकाळी तळपाय काळे. एप्रिल २०२२ मध्ये इमो राज्यातल्या अशाच एका भट्टीवर स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसं जळून गेली.

त्याच वर्षी पूर आला. नायजेरियात सहाशेहून जास्त माणसं दगावली, १४ लाखांवर बेघर झाली. डेल्टातल्या बायेल्सा राज्याचा मुख्य रस्ता पाण्याखाली गेला. २०१२ चा महापूर लोक विसरलेही नव्हते. पाऊस बेभरवशाचा झालाय, समुद्र चढतोय, आणि वरच्या धरणांत गाळ अडल्याने डेल्टाला पूर्वीइतका गाळ मिळत नाही. अशा वेळी पाणी अडवणारी, किनारा धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे कांदळवन, आणि तेच तेलाने मेलेलं. पूर ओसरला की तेलकट चिखल शेतात पसरतो. प्रदूषण आणि हवामान बदल असे दोन विषय अभ्यासकांच्या पुस्तकात असतील, बोडोच्या माणसाला ते एकाच पाण्याने घरात येतात.

न्यायालयांत मात्र काही हललं. जानेवारी २०२१ मध्ये हेगच्या अपील न्यायालयाने गोई आणि ओरुमा गावांतल्या गळतीसाठी शेलच्या नायजेरियन कंपनीला जबाबदार धरलं. पुढच्या महिन्यात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ओगाले आणि बिले गावांचा दावा चालू शकतो, असं ठरवलं. मार्च २०२५ मध्ये शेलने नायजेरियातली जमिनीवरची आपली कंपनी रेनेसान्स या गटाला विकून टाकली. साठ वर्षांच्या घाणीचा जाब आता कोणाला विचारायचा, या काळजीत गावं आहेत. भारतीय तेलशुद्धीकरण कारखान्यांनी गेल्या दशकात काही वर्षं नायजेरियाचं तेल सर्वाधिक उचललं, तेव्हा या डेल्टाचं तेल आपल्याही गाड्यांत जळलेलं आहे.

ओगोनीतल्या विहिरी १९९३ पासून बंद आहेत. माफीच्या सुमारासच सरकारने त्या पुन्हा सुरू करण्याची बोलणी ओगोनींशी चालवली होती. बोडोच्या खाडीत खारफुटीची नवी रोपं लावली जात आहेत.