लाळेची नळी भरण्याआधी

मावसबहीण शिकागोहून आली तेव्हा तिच्या बॅगेत लाळेवरून पूर्वज आणि आजारांचा धोका सांगणारी, घरगुती डीएनए चाचणीची दोन किट होती. एक तिचं, एक माझ्यासाठी. डबा जेमतेम वहीएवढा. आत प्लॅस्टिकची नळी, नळीवर एक रेघ आणि झाकणात निळसर द्रव. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, मग रेघेपर्यंत लाळ भरायची. फेस मोजायचा नाही. दोन मिलिलिटर म्हणजे अर्धा चमचाही नाही, पण तोंड कोरडं पडतं आणि दहा मिनिटं सहज जातात. झाकण बंद केलं की द्रव लाळेत उतरतो. तो पेशी फोडतो आणि डीएनए खराब होऊ देत नाही, म्हणून नळी बर्फाशिवाय टपालाने जाते.

पुढे प्रयोगशाळेत काय होतं ते समजलं, की किट घ्यायचं की नाही हे ठरवणं सोपं जातं. आपल्या डीएनएत सुमारे 300 कोटी रासायनिक 'अक्षरं' असतात. बहुतेक घरगुती किट ती सगळी वाचत नाहीत. माणसामाणसांत जिथे अक्षर बदलतं अशा साधारण 6 ते 7 लाख ठरावीक जागा चिपवर, म्हणजे डीएनए ओळखणाऱ्या छोट्या पट्टीवर, तपासल्या जातात. म्हणजे जाडजूड ग्रंथात दर दोन-तीन पानांमागे एकच अक्षर पाहिल्यासारखं. जे पाहिलं ते बहुतांशी बरोबर असतं, पण जे पाहिलंच नाही त्याबद्दल अहवाल गप्प असतो.

'तुमचे पूर्वज कुठले' याचं उत्तर तर तुलनेतून येतं. तुमची अक्षरं कंपनीकडच्या नमुन्यांशी ताडून टक्केवारी काढतात. नमुने वाढले की तीच लाळ नवी टक्केवारी देते. 2019 मध्ये कॅनडात एकसारख्या जुळ्या बहिणींनी पाच कंपन्यांकडे नमुने पाठवले. दोघींचा डीएनए जवळपास अक्षरशः एकच, तरी एकाच कंपनीकडून दोघींना वेगवेगळे आकडे आले. या साठ्यांत युरोपीय वंशाचे लोक जास्त आणि आपण कमी, त्यामुळे आपल्या वाट्याला मोघम उत्तरं येतात. शेकडो वर्षं जातीतच लग्नं करणाऱ्या आपल्या समाजाचे बारकावे त्यात उतरत नाहीत. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने 10,000 भारतीयांचे संपूर्ण जीनोम, म्हणजे डीएनएतली सगळी अक्षरं, वाचले, ते ही उणीव भरण्यासाठीच.

वंशाचा शोध नेटाने घेतला तर काय हाती लागतं, ते कोकणातल्या बेने इस्रायल समाजाकडे पाहावं. मराठी बोलणारे, पूर्वी तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनिवार तेली'. पूर्वज समुद्रमार्गे आलेले ज्यू होते, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. 2016 च्या एका जनुकीय अभ्यासात त्यांच्या डीएनएत भारतीय आणि मध्यपूर्वेतला ज्यू, असे दोन्ही वारसे सापडले. हे वाचताना मला फार आनंद झाला होता. पण ते एका नळीचं काम नव्हतं. त्यासाठी समाजातल्या अनेकांचे नमुने आणि प्रश्न नेमका विचारणारे संशोधक लागले.

आरोग्याच्या बाबतीत मी जास्त कडक आहे. 2018 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, '23अँडमी' या घरगुती किट विकणाऱ्या कंपनीला स्तनाच्या कर्करोगाशी निगडित बीआरसीए जनुकांतले तीन बदल ग्राहकांना थेट कळवायची परवानगी दिली. हे तिन्ही मुख्यतः पूर्व युरोपीय ज्यू वंशात आढळणारे. या जनुकांत घातक बदल हजाराहून जास्त आहेत. तेव्हा आई किंवा मावशीला हा कर्करोग झालेल्या बाईने 'काही आढळलं नाही' वाचून निर्धास्त होऊ नये. उलट चूकही होते: त्याच वर्षी एका अमेरिकी प्रयोगशाळेने अशा किटच्या कच्च्या माहितीतले, म्हणजे अहवालामागच्या अक्षरांच्या यादीतले, बदल पुन्हा तपासले, तर 40 टक्के मुळात नव्हतेच. काळजी खरी असेल तर जनुकीय समुपदेशकाकडे जा. लग्नाआधी थॅलेसेमिया किंवा सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारांचं वाहकपण पाहायचं असेल, तर रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी चाचणी करा. ती स्वस्त आहे आणि याच कामासाठी आहे.

हौस म्हणून किट घ्यायचंच असेल, तर पैसे भरण्याआधी अटी वाचा. नमुना नष्ट करायला सांगता येतो का? माहिती पुसता येते का? संशोधनासाठीची संमती वेगळी घेतात का? नुसता 'गोपनीय' हा शब्द पुरत नाही. 2023 मध्ये '23अँडमी'च्या सुमारे 14,000 खात्यांत चोर शिरले, आणि नातेवाईक जुळवून देणाऱ्या सोयीतून सुमारे 69 लाख लोकांची माहिती बाहेर गेली. मार्च 2025 मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा ही माहिती कोणाच्या हाती जाणार, असा प्रश्न ग्राहकांपुढे उभा राहिला. पासवर्ड बदलता येतो, डीएनए नाही.

सख्ख्या मावसभावंडांचा सुमारे आठवा हिस्सा डीएनए सामाईक असतो. बहिणीने नळी भरली असती, तर तिच्यात थोडी मीही असते, आमच्या दोघींच्या आयाही असत्या. तिला हे सांगितलं तेव्हा ती थांबली. रात्री तिने मावशीला विचारलं, आईला विचारलं, पुण्याच्या मामाला फोन लावला. मामा नको म्हणाला. दोन्ही नळ्या न भरताच डबे बॅगेत परत गेले.