श्रावणात अंडी साठवताना (आमच्याकडून तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, नेलेल्या घरांसाठी)

घरात श्रावण पाळला जातो, कोंबड्या मात्र तो पाळत नाहीत. सहा तलंगा असल्या तर दिवसाला तीन-चार अंडी येतच राहतात आणि गटारीपासून गणपतीपर्यंत ती शंभराच्या पुढे जातात. मग एखाद्या दिवशी अंडं फोडल्यावर वास येतो आणि आम्हाला फोन येतो, "तुम्ही दिलेल्या कोंबड्याच खराब निघाल्या." कोंबड्यांना काही झालेलं नसतं. विचारलं की बहुतेक वेळा कळतं, अंडी आणल्या आणल्या बादलीत टाकून स्वच्छ धुतलेली होती.

कोंबडी उठल्याबरोबर खालचं अंडं उचलून बघा. कोमट, ओलसर, बोटाला जरा बुळबुळीत लागतं. हातात धरल्या धरल्या ते सुकतं, चकाकी जाते आणि वर साय धरल्यासारखी दिसते. अंड्याचं खरं झाकण म्हणजे ही साय. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, ती या थराने बुजलेली असतात. घासून धुतलं की थर गेला आणि छिद्रं उघडी पडली. त्यात पाणी गार असेल तर आणखी वाईट, कारण गारव्याने आतला ऐवज आकसतो आणि कवचावरचं घाण पाणी छिद्रांतून आत ओढलं जातं. पहिल्या वर्षी आम्हीही हेच केलं होतं. विहिरीच्या गार पाण्यात टबभर अंडी चकचकीत केली, गिऱ्हाईक खूश झालं आणि दहाव्या दिवशी निम्मा ट्रे परत आला.

परदेशातही यावर दोन रीती आहेत. युरोपात पहिल्या प्रतीची म्हणून विकायची अंडी सहसा धुऊ देत नाहीत. अमेरिकेत मोठ्या फार्मची अंडी धुतात, पण नंतर ती थेट फ्रीजमध्येच राहतात. आपण धुतो अमेरिकेसारखी आणि ठेवतो युरोपासारखी फळीवर. दोन्हींतलं नको ते घेतलं.

घाण लागूच नये म्हणून

अंडं खुराड्यातच स्वच्छ मिळालं पाहिजे. आंब्याची रिकामी लाकडी पेटी असेल तर दुसरं काही विकत आणू नका. आडवी ठेवून पुढे चार बोटांची पट्टी ठोकली की झालं, चार-पाच कोंबड्यांना एक पुरते. ती काळोखाच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वर, पण रात्री बसायच्या दांडीपेक्षा खाली ठेवा. हे शेवटचं बरेच जण विसरतात. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते. पेटी उंच असली की रात्रभर तिच्यातच बसते आणि सकाळी अंडं शिटीत लोळलेलं मिळतं.

पावसात भाताचा पेंढा दमट होऊन बुरसतो. सुताराकडचा रंध्याचा भुसा वापरा, तीन-चार बोटांचा थर द्या आणि आठवड्याला बदला. ओला दिसला तर त्याच दिवशी काढा.

बहुतेक कोंबड्या सकाळीच घालतात, म्हणून त्यांना दहा-साडेदहानंतर सोडा. लवकर सोडल्या तर अंडी करवंदीच्या जाळीत आणि मुंगसाच्या पोटात. दिवसातून दोनदा गोळा करा. उन्हाळ्यात, पत्र्याचं छप्पर असेल तर तीनदा. पेटीत पडून राहिलेलं अंडं फुटतं, आणि फुटलेल्याची चव एकदा लागली की कोंबडी स्वतःच टोचून खायला शिकते. ती खोड जाता जात नाही. कवचं पातळ येत असतील तर शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते.

कोंबडा पाळलेल्यांसाठी एक गोष्ट. अंडं फळलेलं असेल तर गरम हवेत, कोंबडी बसली नसतानाही, आतला जीव हळूहळू वाढू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत "आत रक्ताची रेघ निघाली" अशी तक्रार येते ती यामुळे. नुसती अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही. तलंगा त्याच्याशिवायही तेवढीच अंडी देतात, हे शंभरदा सांगूनही लोक कोंबडा मागतातच.

मळलेलं अंडं

सुकी घाण असेल तर मऊ काथ्याने किंवा बारीक पॉलिशपेपरने तेवढीच जागा हलकेच पुसा. अगदीच माखलेलं असेल तर धुवा, पण पाणी अंड्यापेक्षा गरम हवं, हाताला छान ऊन लागेल इतकं. धारेखाली धरा, भिजत घालू नका, साबण नको, फिनेल तर नकोच. लगेच पुसून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-चार दिवसांत संपवा. ते साठवणीचं अंडं नव्हे. तडा गेलेलं त्याच दिवशी पूर्ण शिजवून खा. हाफ-फ्राय नको, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तर नाहीच. अंडी हाताळली की हात साबणाने धुवा. साबण लागतो तो इथे.

ठेवायचं कुठे

न धुतलेलं, न तडकलेलं अंडं फ्रीजमध्ये महिनाभर सहज राहतं. बाहेर, पावसाळी हवेत, आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त भरवसा ठेवू नका. बाहेरचा एक दिवस म्हणजे फ्रीजमधला जवळपास आठवडा, असा ढोबळ हिशेब धरा. फ्रीजच्या दारातली खाचेची जागा दिसायला अंड्यांसाठी असते, पण दार उघडलं की गरम हवा पहिली तिथेच लागते. आत मागच्या बाजूला ठेवा. टोकदार बाजू खाली, म्हणजे हवेची पोकळी वर राहते आणि बलक मधोमध. एकदा आत गेलेलं अंडं बाहेर काढून पुन्हा आत ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत त्याला घाम फुटतो, आणि तोही पाणीच.

अंडं वास ओढतं. आगोटीला भरलेली सुकट आणि सोडे ज्या फळीवर आहेत, तिथे ट्रे नको. पुठ्ठ्याचा ट्रे मळला की चुलीत घाला.

प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहा आणि जुनं आधी वापरा. शंका आली तर फोडण्याच्या आधी, तेवढंच अंडं पाण्यात सोडून बघा. ताजं आडवं बसतं, जुनं उभं राहतं, तरंगलं तर टाका. कारण साधं आहे, दिवस जातील तशी आतली वाफ छिद्रांतून उडते आणि पोकळी मोठी होते. अख्खा ट्रे मात्र पाण्यात तपासू नका, नाहीतर परत धुतल्यासारखंच झालं.

आजचं अंडं उकडलं की सोलताना पांढरं कवचाला चिकटून येतं, ही तक्रार नव्हे, ताजेपणाची खूण आहे. रश्शासाठी आठवडाभर जुनी काढा, गुळगुळीत सुटतात.

एवढं करूनही अंडं खराब निघालं तर ट्रेसकट आमच्याकडे घेऊन या, कोंबड्यांचं खाणं-पाणी आपण मिळून बघू. फक्त पेन्सिलची तारीख दाखवा, आणि अंडं धुतलं होतं की नाही, ते खरं सांगा.