सोलापूर विद्यापीठ : कुलगुरुपदाची परंपरा

सोलापूर–पुणे महामार्गावर केगाव येथे असलेल्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचे प्रमुखपद कुलगुरूंकडे असते. एका कुलगुरूंकडून दुसऱ्या कुलगुरूंकडे हे पद जाण्याची पद्धत कायद्याने ठरवून दिलेली आहे. विद्यापीठाचे कार्यक्षेत्र केवळ सोलापूर जिल्ह्यापुरते आहे. मुंबई किंवा पुण्यासारख्या मोठ्या विद्यापीठांत अधिकारी आणि प्राध्यापक यांची संख्या मोठी असल्याने प्रमुख बदलला तरी कारभार बराचसा आपल्या गतीने चालतो. सोलापुरात मात्र कुलगुरू कोण आहेत, ते कोठून आले आणि त्यांची मुदत किती उरली आहे, यांचा परिणाम जिल्ह्यातील महाविद्यालयांना लवकर जाणवतो. म्हणून या पदाची परंपरा पाहताना नावांच्या क्रमाइतकेच दोन नावांमधले रिकामे महिनेही लक्षात घ्यावे लागतात.

विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी सोलापूरच्या उच्च शिक्षणाची सूत्रे नेहमीच दुसऱ्या शहरातून हलत असत. १९४० साली सुरू झालेले दयानंद महाविद्यालय आरंभी मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ अस्तित्वात आले आणि सोलापूर त्याच्या कार्यक्षेत्रात गेले. त्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मु. रा. जयकर होते. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्यावर सोलापूरची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली आणि पुढील चार दशके तशीच राहिली. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, इतिहाससंशोधक डॉ. आप्पासाहेब पवार, १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षे पदावर होते. एकाच व्यक्तीला विद्यापीठाची इमारत, विभाग आणि माणसे उभी करण्यासाठी इतका सलग काळ मिळणे आजच्या कायद्यात शक्य नाही, आणि सोलापूर विद्यापीठाच्या वाट्याला तो आरंभापासूनच आला नाही. कोल्हापूरच्या काळात सोलापुरात पदव्युत्तर केंद्र चालत होते. पुढे विद्यापीठाच्या विभागांची घडण याच केंद्रातून झाली.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले आणि डॉ. इरेश स्वामी पहिले कुलगुरू झाले. कोल्हापूरहून परीक्षा, अभ्यासक्रम आणि संलग्नता यांची जबाबदारी सोलापुरात आणणे, हे पहिल्या कारकिर्दीपुढचे काम होते. नव्या विद्यापीठात जुन्या रूढी नसतात, त्यामुळे पहिल्या कुलगुरूंनी घालून दिलेली कामाची रीत पुढे बराच काळ टिकते. त्यांच्यानंतर रसायनशास्त्राचे अभ्यासक डॉ. बी. पी. बंडगर या पदावर आले. कार्बनी रसायनशास्त्रातील संशोधक म्हणून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात त्यांनी काम केलेले होते. तिसरे डॉ. एन. एन. मालदार. तेही रसायनशास्त्रज्ञ, आणि विशेष म्हणजे सोलापूरच्याच रसायनशास्त्र विभागात बहुवारिकांवर (पॉलिमर, म्हणजे धागे व प्लास्टिक ज्या लांब साखळीच्या रेणूंचे बनतात त्यांवर) संशोधन करणारे प्राध्यापक होते. डिसेंबर २०१७ मध्ये त्यांची मुदत संपली.

त्यानंतर काही महिने पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाचे कुलगुरू, भूशास्त्रज्ञ डॉ. नितीन करमळकर यांच्याकडे सोलापूरचा अतिरिक्त कार्यभार होता. मे २०१८ मध्ये नागपूरच्या डॉ. मृणालिनी फडणवीस यांनी पूर्णवेळ कुलगुरू म्हणून सूत्रे स्वीकारली. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. मार्च २०१९ मध्ये विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले तेव्हा कुलगुरू त्याच होत्या. नामविस्तारापूर्वी सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांचे नाव द्यावे, अशीही जोरदार मागणी होती आणि शहरातील वेगवेगळ्या समाजांच्या भावना दोन्ही बाजूंनी गुंतलेल्या होत्या. नावाचा निर्णय शासनाच्या स्तरावर होतो. पण जिल्ह्यातील सर्व समाजांची मुले जिथे शिकतात त्या संस्थेत पुढचा काळ शांततेने नेण्याची जबाबदारी शेवटी कुलगुरूंवरच येऊन पडते. कोरोनाच्या साथीतील परीक्षांचा कठीण काळही याच कारकिर्दीत आला.

मे २०२३ मध्ये त्यांची मुदत संपल्यावर मुंबईच्या डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठाचे कुलगुरू डॉ. रजनीश कामत यांनी प्रभारी म्हणून काम पाहिले. त्याच वर्षी डॉ. प्रकाश महानवर यांची नियुक्ती झाली. मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या रासायनिक अभियांत्रिकीसाठी ख्यातनाम संस्थेत ते बहुवारिके आणि पृष्ठभाग अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. अशा रीतीने या विद्यापीठाच्या पूर्णवेळ कुलगुरूंपैकी तिघे रसायनशास्त्राच्या वाटेने आले, आणि त्यांतील दोघांचे संशोधन बहुवारिकांचेच. यंत्रमाग, चादरी आणि टॉवेलांच्या शहरात असे घडावे, यात योगायोगच अधिक असला तरी तो नोंदवण्यासारखा आहे.

नियुक्तीची पद्धत महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये दिलेली आहे. हा कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याआधी १९९४ चा विद्यापीठ अधिनियम होता. राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात आणि कुलगुरूंची नियुक्ती तेच करतात. त्यासाठी शोध समिती नेमली जाते. मूळ तरतुदीनुसार या समितीवर कुलपतींनी नामनिर्देशित केलेली एक मान्यवर व्यक्ती अध्यक्ष असे. राज्य शासनाचा प्रधान सचिव दर्जाचा अधिकारी आणि विद्यापीठाची व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद यांनी मिळून सुचविलेला राष्ट्रीय दर्जाच्या संस्थेचा प्रमुख हे अन्य सदस्य असत. समिती अर्ज मागवते, छाननी आणि मुलाखती घेते आणि पाचांपेक्षा कमी नसलेल्या नावांची शिफारस कुलपतींकडे पाठवते. कुलगुरूंची मुदत पाच वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर असते आणि त्याच विद्यापीठात पुन्हा नियुक्ती होत नाही. या शेवटच्या अटीमुळे कोणत्याही कुलगुरूला दुसऱ्या मुदतीसाठी कोणाची मर्जी राखावी लागत नाही, हा तिचा मोठा लाभ आहे. तोटा असा की पहिले वर्ष ओळख होण्यात आणि शेवटचे निरोपाच्या वातावरणात जाते, आणि हाती खरोखर तीनच वर्षे उरतात.

पद रिक्त होण्याच्या किमान सहा महिने आधी निवडप्रक्रिया सुरू झाली पाहिजे, अशी स्पष्ट तरतूद कायद्यात आहे. ती काटेकोर पाळली गेली तर प्रभारी नेमण्याची वेळ सहसा येऊ नये. प्रत्यक्षात सोलापुरात २०१७–१८ आणि २०२३ अशी दोनदा पोकळी पडली. कुलपती योग्य व्यक्तीला प्रभारी नेमू शकतात, पण एकंदर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळासाठी नाही. प्र-कुलगुरूंची, म्हणजे कुलगुरूंच्या खालोखालच्या अधिकाऱ्यांची, मुदत कुलगुरूंच्या मुदतीबरोबरच संपते, ही या व्यवस्थेतील सर्वांत अडचणीची गोष्ट आहे. त्यामुळे कुलगुरू निवृत्त होताच त्यांचा सर्वांत जवळचा सहकारीही पदावरून जातो आणि सूत्रे बाहेरच्या विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे सोपवावी लागतात. पुणे सोलापूरहून सुमारे अडीचशे किलोमीटर, मुंबई सुमारे चारशे. आपल्या विद्यापीठाचा भार सांभाळून आलेल्या प्रभारी कुलगुरूंकडून नव्या विभागाची, मोठ्या भरतीची किंवा दीर्घ मुदतीच्या करारांची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. ते दैनंदिन कारभार थांबू देत नाहीत, हेच मोठे योगदान असते. प्र-कुलगुरूंची मुदत काही महिने पुढे चालू ठेवण्याची सोय कायद्यात असती, तर छोट्या विद्यापीठांचा पुष्कळ त्रास वाचला असता.

नियुक्तीच्या अधिकाराबाबत महाराष्ट्रात मोठा बदल होण्याच्या बेतात होता. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्ती विधेयकानुसार समितीची नावे आधी राज्य शासनाकडे गेली असती आणि शासनाने त्यांतील दोन राज्यपालांकडे पाठवली असती. सत्तांतरानंतर ते विधेयक मागे घेण्यात आले. दरम्यान सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम राज्यांवर बंधनकारक मानले. केरळमधील ए. पी. जे. अब्दुल कलाम तंत्रज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरूंची नियुक्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द केली, कारण समितीने नावांची यादी न देता एकच नाव पाठवले होते. शोध समित्यांची रचना आयोगाच्या नियमांशी जुळवून घेण्याची निकड त्यामुळे सर्वच राज्यांना जाणवली.

सोलापूर हे सर्वसाधारण विद्यापीठ असले तरी १९८३ मध्ये सुरू झालेले वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि पंढरपूरजवळ गोपाळपूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्यामुळे तांत्रिक शिक्षणाचा मोठा भाग त्याच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्याशाखेत येतो. मात्र रायगड जिल्ह्यातील लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला २०१४ च्या कायद्याने राज्यभर संलग्नता देण्याचा अधिकार मिळाल्यावर जिल्ह्यातील काही अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तिकडे जाणे पसंत केले. त्यामुळे एकाच शहरातील दोन अभियंते दोन वेगळ्या कुलगुरूंच्या स्वाक्षरीची पदवी घेऊन बाहेर पडू शकतात. महाविद्यालयाच्या पातळीवर नियम वेगळा आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्राचार्यांची मुदत पाच वर्षांची असते आणि कामाच्या मूल्यमापनानंतर आणखी एका मुदतीसाठी त्यांची नेमणूक होऊ शकते. परिणामी आपल्या महाविद्यालयात दहा वर्षे राहिलेले प्राचार्य त्या काळात दोन पूर्णवेळ आणि एखाद-दुसरे प्रभारी कुलगुरू पाहतात, आणि विद्यापीठाच्या निर्णयांची सलग आठवण बहुधा अशा प्राचार्यांकडे व कुलसचिव कार्यालयातील जुन्या कर्मचाऱ्यांकडे असते.