तळघरात विहिरीची पाणबुडी जळते, ती का

पोळ्याच्या सुमारास माझ्याकडे रिवाइंडिंगला, म्हणजे जळालेली तार पुन्हा गुंडाळायला, येणाऱ्या मोटरींत दर साली दोन-चार अशा असतातच, की ज्यांनी विहीर पाहिलेलीच नसते. त्या तळघरात जळालेल्या असतात. आणणारा म्हणतो, "नवीच होती न भाऊ, एक पावसाळा बी नाई काढला तिनं." मी कॉइल उघडून दाखवतो. तार काळी पडलेली, वार्निश करपलेलं, आणि पाणी ओढायच्या तोंडाच्या जाळीत कुटार, म्हणजे भुसा, आणि सरकी घट्ट बसलेली. मोटर चांगल्या बनावटीचीच असते, तिला नको त्या जागी उतरवलेलं असतं.

सगळा घोळ एका शब्दाचा आहे. पाण्यात बुडून चालते तिला आपण सरसकट पाणबुडी म्हणतो. दुकानात जाऊन "१ एचपीची पाणबुडी द्या" म्हटलं की काउंटरवरचा पोरगा ओपनवेल, म्हणजे विहिरीची मोटर, काढून देतो, कारण दर्यापूर-अकोट भागात शंभरातले बहुतेक गिऱ्हाईक विहिरीसाठी किंवा टाक्यासाठीच आलेले असतात. तळघरातला उपसा करायला लागतो तो पंप वेगळा. त्याला संप पंप किंवा डिवॉटरिंग पंप म्हणतात. तळघराला पाणी लागलं असेल तर दुकानात हाच शब्द वापरा.

ओपनवेल कास्तकाराला सांगायची गरज नाही. विहिरीच्या तळाशी आडवी पडते, वर दहा-वीस फूट पाणी असतं, स्वच्छ पाणी ओढते आणि लांब वावरापर्यंत फेकते. संप पंप उभा असतो, तोंड खाली, मोटर वर, आणि सोबत फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून पंप चालू-बंद करणारा गोळा. दिसण्यातला फरक एवढाच. किमतीतला फरकही रिवाइंडिंगच्या एका खर्चापुढे मोठा नाही, म्हणून त्यावर मी वेळ घालवत नाही.

खरा फरक आहे अंगावरच्या पाण्याचा. ओपनवेलची मोटर भोवतीच्या पाण्यानं थंड राहते. विहिरीत ती कायम बुडालेली असल्यामुळे हे कोणाच्या लक्षातच येत नाही. तळघरातला खड्डा धरा २ बाय २ फूट. त्यात फूटभर पाणी म्हणजे ४ घनफूट, साधारण ११३ लिटर. मिनिटाला दीडशे लिटर फेकणारी मोटर ते पाऊण मिनिटात संपवते. मग तिचं अंग उघडं पडतं, सील कोरडा घासायला लागतो, आणि घरातले सगळे वर झोपलेले असतात. संप पंप मुळात उथळ पाण्यासाठीच घडवलेला आहे. तो खालून ओढतो आणि पाणी उतरलं की फ्लोट त्याला बंद करतो. तासन् तास कोरडा चालवायला तोही नाही, म्हणूनच फ्लोटशिवायचा संप पंप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

दुसरं कारण याच्याच पोटातलं आहे आणि ते ऐकून भलेभले मान हलवतात. लोक म्हणतात, विहिरीची मोटर शंभर फूट चढवते, तर बारा फुटांच्या तळघरात तिला काय त्रास? त्रास तिथेच आहे. मोटरीच्या पाटीवर हेड रेंज, म्हणजे पाणी किती उंच चढवायला ती घडवली आहे ते, लिहिलेलं असतं, समजा १५ ते ३० मीटर. तळघरातून नालीपर्यंत चढ मोजला तर तो ४-५ मीटरच्या वर जात नाही. डोक्यावर दाब नसला की असा पंप पाणी बेसुमार ओढतो, पाणी वाढलं की अँपिअर वाढतात, आणि मोटर ओव्हरलोड होते. म्हणजे कमी काम दिल्यानं तिला आराम मिळत नाही, उलट ती जास्त तापते. तरीही "एचपी मोठा घ्या, सुरक्षित राहते" असं सांगणारे आहेत. ते ऐकू नका. आधी मोजा. पावसात खड्ड्यातलं पाणी फूटभर चढायला ५ मिनिटं लागत असतील, तर झिरपा मिनिटाला २३ लिटरच्या आसपास आहे. त्याला अर्धा एचपीचा संप पंप पुष्कळ झाला.

तिसरं म्हणजे गाळ. जुन्या वाड्यांच्या तळघरांत आपण सोयाबीनची पोती ठेवतो, सरकी ठेवतो. पाणी शिरलं की भुसा तरंगतो आणि काळी माती विरघळून राबडी होते. ओपनवेलचा पंखा बंद प्रकारचा, वाटा अरुंद. त्याला हे पचत नाही. संप पंपाचा पंखा बहुधा उघडा असतो. किती मिलिमीटरचा खडा निघून जाईल ते पाटीवर किंवा माहितीपत्रकात दिलेलं असतं, तेवढं वाचून घ्या.

आमच्या खारपाणपट्ट्यात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. पूर्णेच्या खोऱ्यातलं खारं पाणी ॲल्युमिनियमची बॉडी खाऊन टाकतं, दोन सालांत तिच्यावर पांढरे फोड येतात. बिडाची किंवा स्टेनलेसची घ्या. वजन जास्त वाटेल, वाटू द्या.

बसवताना खड्डा सगळ्यात खोलगट कोपऱ्यात घ्या. त्यात छिद्रं पाडलेलं सिमेंटचं कडं उतरवा, बाहेरून आणि तळाला गिट्टी भरा, आणि पंप फरशीच्या तुकड्यावर ठेवा. थेट मातीवर ठेवला तर तो स्वतःच गाळ ओढून स्वतःला बुजवतो. फ्लोटला झुलायला जागा हवी. मी एका ठिकाणी पाहिलं, वायर पाइपाभोवती गुंडाळली गेली होती आणि फ्लोट कड्याला अडकून तिरपा बसला होता. बाजूला गुडघाभर पाणी, आणि पंप शांत. खड्डा अरुंद असेल तर उभ्या दांड्यावर सरकणारा फ्लोट असलेलाच पंप घ्या.

पाइपात एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, हवाच, नाहीतर पाइपभर पाणी परत खाली येतं आणि पंप उगाच चालू-बंद होत राहतो. एनआरव्हीच्या खाली, पंपाच्या वर, ३ मिमीचं एक छिद्र पाडा. हवा अडकली तर तिथून निघते. ते पाडायला नव्वद टक्के मिस्त्री विसरतात.

पाणी भिंतीच्या पायाशी सोडू नका. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि त्याच भेगांतून पुढच्या पावसाचं पाणी परत तळघरात उतरतं. पाइप निदान दहा फूट लांब, नालीच्या उताराला न्या.

बोर्ड तळघरात नको, वर घ्या. पक्की अर्थिंग आणि करंट गळला की लाइन तोडणारा ३० मिलिअँपचा आरसीसीबी लावल्याशिवाय मी जोडणी करून देत नाही, कोणी कितीही घाई केली तरी. साचलेल्या पाण्यात पाय ठेवण्याआधी मेन बंद. पंप वायरीनं उचलायचा नाही, नायलॉनची दोरी बांधून ठेवायची. आणि घरातल्या पंखे-दिव्यांच्या इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका. चालू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि तो तिथेच ट्रिप होतो. वादळात लाइन जाते तेव्हाच पाणी येतं, म्हणून ज्याचं तळघर दर साली भरतं त्यानं लहान जनरेटरची सोय पाहावी.

मृग लागण्याआधी एकदा खड्ड्यात बादल्यांनी पाणी ओता आणि उभं राहून पाहा. फ्लोट वर आला, पंप लागला, पाणी नालीत पडलं आणि पंप आपोआप बंद झाला, तर त्यावर झाकण टाका.