मॉडेल बोटीचा पंखा: पितळ, नायलॉन की बेरिलियम कॉपर?

१८३७ साली लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथच्या छोट्या बोटीची चाचणी चालू होती. तिच्या मागे पंखा म्हणून लाकडी स्क्रू होता, पूर्ण दोन वेढ्यांचा. कशाला तरी धडकून त्यातला निम्मा तुटला आणि बोट उलट जास्तच जोरात पळाली! हा किस्सा पंख्याच्या आकाराबद्दल सांगतात. पण लाकूड तुटलं, हेही त्यातच आलं.

पुढे जहाजांचे पंखे ओतीव लोखंडाचे झाले, मग मँगनीज ब्राँझचे. चार्ल्स पार्सन्सच्या ‘टर्बिनिया’ या वाफेच्या टर्बाइनवरच्या बोटीने १८९० च्या दशकात वेगळीच अडचण दाखवली. टर्बाइन इतकं वेगात फिरे की पात्यांमागे पाण्याची वाफ होऊन बुडबुडे धरत आणि जोर वाया जाई. शेवटी तीन शाफ्टवर, म्हणजे पंखे फिरवणाऱ्या दांड्यांवर, मिळून नऊ पंखे बसवले, तेव्हा बोट पळाली. इंजिन पुढे जातं आणि पंखा मागे पडतो. मॉडेल बोटींच्या छंदात नेमकं हेच पुन्हा घडलं.

निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली, तेव्हा कौतुक दिशा बदलण्याचं होतं, वेगाचं नव्हतं. वेग नाही तिथे पंख्याच्या धातूची चिंताही नाही. छंदवाल्यांनी पितळ धरलं ते सोयीपोटी: पत्रा कातरा, पाती पिळा, मधल्या बोंडाला डाख देऊन जोडा, झालं. नंतर साच्यातलं नायलॉन आलं. स्वस्त, न गंजणारं आणि दगडाला लागलं तर स्वतः मोडून शाफ्ट वाचवणारं. हळू चालणाऱ्या टगबोटीला आजही ते पुरतं. तिथे पितळ लावायचं ते दिसायला छान म्हणून, आणि त्यात काही गैर नाही.

खरी अडचण आली सरफेस ड्राइव्हमुळे. यात पंखा अर्धा पाण्याबाहेर असतो, म्हणजे प्रत्येक पातं दर फेऱ्याला हवेतून येऊन पाण्यावर आपटतं. मिनिटाला २५,००० फेरे धरले, तर एका पात्याला सेकंदाला चारशेहून जास्त थपडा. नायलॉनचं पातं तुटण्याआधी वाकतं, पिच (एका फेऱ्यात पंखा जितकं पुढे सरकायला हवा ते अंतर) बदलतो. मोटर ओरडत राहते, बोट मात्र ढिम्म. मऊ पितळाची पाती एकदा वाकली की तशीच राहतात.

यावर उत्तर निघालं बेरिलियम कॉपर. तांब्यात जेमतेम दोन टक्के बेरिलियम, पण योग्य उष्णता दिली की कणखरपणा पोलादाच्या जवळ जातो. अमेरिकेतल्या ऑक्टुरा कंपनीचे पंखे स्पर्धकांत इतके रुळले की त्यांचे क्रमांक हीच भाषा झाली. एक्स ४४२ म्हटलं की व्यास ४२ मिलिमीटर आणि पिच त्याच्या १.४ पट, म्हणजे साधारण ५९ मिलिमीटर.

पण हा पंखा ओबडधोबड ओतकाम म्हणून हातात येतो. कडा घासून धार काढायची, मग आडव्या सळईवर ठेवून कुठलं पातं खाली झुकतं ते बघायचं, जड बाजू घासायची, पुन्हा बघायचं. घासताना उडणारी बेरिलियमची धूळ फुप्फुसांना कायमचा आजार लावू शकते. म्हणून काम ओल्या पॉलिश पेपरवर आणि मास्क लावूनच. कोरड्या ग्राइंडरवर कधीच नाही, घाई कितीही असो.

ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांनी हा ताण साध्या विजेच्या बोटीतही आणला. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर कापलेले स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमचे पंखे मिळू लागले. तयार बोटींसोबत कार्बनचे तंतू मिसळलेलं प्लास्टिक येतं. ते साध्या नायलॉनपेक्षा ताठ असतं, पण जोराच्या धडकेला तडकतं.

बोट खाडीत सोडणार असाल तर अजून एक गोष्ट. खारं पाणी पितळातलं जस्त खातं. पिवळ्या पात्यावर तांबूस डाग दिसले की तिथला धातू सच्छिद्र आणि कमकुवत झालेला असतो. बोट घरी आणली की पंखा आधी गोड्या पाण्याने धुवायचा.