सदाफुलीचा काढा आणि सदाफुलीचं इंजेक्शन

घरात कुणाला ब्लड कॅन्सर निघाला की आठवड्याभरात कुणीतरी सांगतंच: सदाफुलीच्या पानांचा काढा द्या, किमोचं औषधसुद्धा त्याच झाडापासून बनतं. यातला दुसरा भाग शंभर टक्के खरा आहे, आणि त्याच्या आधारावरच पहिला भाग खपून जातो.

व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन ही दोन्ही औषधं सदाफुलीतून आली. लहान मुलांच्या तीव्र ल्युकेमियात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या ब्लड कॅन्सरमध्ये, व्हिन्क्रिस्टिन आजही उपचाराचा कणा आहे. गंमत म्हणजे या शोधाची सुरुवात खरोखरच एका चहापासून झाली. आपल्याकडे जशी मधुमेहाला सदाफुलीची पानं चावून खातात, तसा जमैकात त्या पानांचा चहा पीत. 1952 मध्ये तिथल्या एका डॉक्टरांनी थोडी पानं कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाठवली. ते निवृत्त झाले होते, म्हणून त्यांनी ती आपल्या भावाकडे, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली.

रॉबर्ट यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. रक्तातल्या साखरेवर म्हणावा असा परिणाम दिसला नाही. मग तोच अर्क टोचून पाहिला, तर उंदीर काही दिवसांत जंतुसंसर्गाने मेले. तपासल्यावर कळलं की त्यांच्या पांढऱ्या पेशी कोसळल्या होत्या आणि अस्थिमज्जेचं काम मंदावलं होतं. मधुमेहाचं औषध शोधणाऱ्यासाठी प्रयोग तिथेच फसला होता. पण पांढऱ्या पेशी बेसुमार वाढणं हाच ज्याचा रोग, त्याच्यासाठी हीच मोठी बातमी होती. चार्ल्स बीअर या रसायनशास्त्रज्ञाने अर्कातून नेमका पदार्थ वेगळा काढला, आणि 1958 मध्ये व्हिनब्लास्टिन जगासमोर आलं. एली लिली या औषध कंपनीत याच झाडावर स्वतंत्रपणे काम चालू होतं. त्यातून आलेल्या व्हिन्क्रिस्टिनला अमेरिकेत 1963 मध्ये परवानगी मिळाली.

काढ्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या पहिल्याच प्रयोगात आहे. पाजलं तेव्हा काही घडलं नाही, टोचलं तेव्हा घडलं. व्हिन्क्रिस्टिन पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणून ते शिरेतूनच देतात.

उरलेलं अर्धं उत्तर मापात आहे. एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. मोठ्या माणसाचा एक डोस सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. म्हणजे एकेका डोसमागे पानांचा हिशेब किलोत जातो, आणि आपण कपात टाकतो पाच-सात पानं. बरं, पानात एकटं व्हिन्क्रिस्टिन नसतं. शंभराहून जास्त अल्कलॉइडं, म्हणजे शरीरावर परिणाम करणारी वनस्पतीतली रसायनं, असतात, त्यांतली काही रक्तदाबावरही काम करतात. कोणत्या झाडाच्या, कोणत्या महिन्यातल्या पानात काय किती उतरलंय ते काढा ढवळून कळत नाही. किमोमुळे आधीच उलट्या होत असलेल्या माणसाला हे गाळून पाजायचं, ही कल्पनाच मला पटत नाही.

इंजेक्शनही काही सौम्य नाही. हातापायांना मुंग्या येतात, पाऊल उचलताना लटकं पडतं, बद्धकोष्ठता इतकी होते की आतडं थांबल्यासारखं वाटावं. औषध शिरेबाहेर गळलं तर तिथली त्वचा जळते. चुकून पाठीच्या कण्यातल्या द्रवात गेलं तर बहुतेक वेळा जीवच जातो. म्हणून डोस शरीराच्या आकारमानावरून काढतात. मोजता येतं म्हणूनच हे विष औषध म्हणून वापरता येतं.

मग एखाद्या चहाची खरी परीक्षा कशी घेतात? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ती ग्रीन टीच्या बाबतीत घेतली. त्यांनी कप मोजले नाहीत, प्रमाणित अर्काच्या कॅप्सूल दिल्या. रोग होता दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया. पहिल्या टप्प्यात 33 रुग्ण होते आणि प्रश्न एवढाच होता की माणसाला किती डोस सोसतो. दुसऱ्या टप्प्यात 42 रुग्णांना दिवसातून दोनदा 2000 मिलिग्रॅम दिले. सुमारे 31 टक्के लोकांत लिम्फोसाइटची (या रोगात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) संख्या किमान पाचव्या हिश्शाने उतरली आणि तशी टिकली. गाठी असलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या गाठी निम्म्याहून लहान झाल्या. काहींना मळमळ झाली, काहींच्या यकृताच्या तपासण्या बिघडल्या.

आकडे वाईट नाहीत. पण हे रुग्ण सुरुवातीच्या टप्प्यातले होते, ज्यांना एरवीही डॉक्टर नुसतं लक्ष ठेवून राहायला सांगतात. शिवाय तुलनेला दुसरा गट नव्हता. पेशी कमी झाल्या म्हणजे माणूस जास्त जगला, असं यातून निघत नाही. रोग पुढे गेलेल्या रुग्णाच्या घरी मात्र याचीच बातमी ‘ग्रीन टीने ल्युकेमिया बरा’ अशी पोहोचते. पहिल्या-दुसऱ्या टप्प्याची चाचणी हा शोध असतो. निकाल लागतो तो तिसऱ्या टप्प्यात, जिथे नेहमीच्या उपचारासमोर नवा उपचार उभा करून मोजतात.

‘निदान अपाय तरी नाही’ हेही गृहीत धरू नये. मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात बोर्टेझोमिब हे औषध वापरतात. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पेशींवर आणि उंदरांवर, ग्रीन टीतला मुख्य घटक या औषधाला थेट चिकटून त्याचं काम बंद पाडताना दिसला. तेव्हापासून बोर्टेझोमिब चालू असताना ग्रीन टीचा अर्क टाळायला सांगतात. ओपीडीत ‘आणखी काही घेता का?’ असं विचारलं की बरेच जण गोळ्यांचीच नावं सांगतात. सकाळचा काढा, नातेवाइकांनी आणलेली पावडर, हिरव्या चहाच्या कॅप्सूल, ही नावंही त्याच यादीत द्यायची असतात, आणि तीही किमोची पुढची सायकल, म्हणजे पुढची फेरी, सुरू होण्याआधी.