औंध संस्थानची राज्यघटना

सध्याच्या सातारा, सांगली आणि विजापूर जिल्ह्यांत विखुरलेल्या औंध संस्थानाने २१ जानेवारी १९३९ रोजी लागू केलेली घटना. ब्रिटिश अमदानीत एका राजाने आपण होऊन सत्ता रयतेकडे सोपवली, म्हणून तिचे महत्त्व मोठे आहे.

संस्थान अवघे ७२ गावांचे, तीही सलग नव्हेत. राजधानी औंध खटाव तालुक्यात, आटपाडी माणदेशात, कुंडल कृष्णाखोऱ्यात आणि गुणदाळ थेट विजापूरकडे. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी नोव्हेंबर १९३८ मध्ये सत्तात्यागाची घोषणा केली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी महात्मा गांधींचा सल्ला घेऊन घटनेला आकार दिला.

तिचे खरे वैशिष्ट्य रचनेत आहे. गावातल्या प्रौढांनी पाच पंच निवडायचे, पंचांनी आपल्यातून अध्यक्ष निवडायचा, गावोगावच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि त्या समित्यांनी संस्थानच्या विधिमंडळावर प्रतिनिधी पाठवायचे. मतदाराचे थेट मत गावापुरतेच. वरचा सगळा डोलारा त्यावर उभा. बांधावरून, पाण्यावरून होणाऱ्या तंट्यांसाठी कज्जेदलालांच्या (खटले लढवायला लावणाऱ्या मध्यस्थांच्या) मागे धावण्यापेक्षा गावातच निवाडा व्हावा, हा त्यामागचा आग्रह होता. त्याच वर्षी आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत, स्वतंत्रपूर, वसली. कैद्यांनी कुटुंबासह राहून शेती करावी, ही तिची कल्पना. ती आजही चालू आहे. पुढे कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे (ब्रिटिश सत्तेला समांतर चालवलेल्या सरकारचे) प्रमुख केंद्र बनले.

भारतीय राज्यघटनेने मात्र सुरुवातीला गावाला इतके वजन दिले नाही. संविधान सभेत के. संथानम यांच्या दुरुस्तीने ग्रामपंचायती अनुच्छेद ४० मध्ये आल्या, पण त्या मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे सरकारने धोरण आखताना पाळायच्या सूचनांत. आणि अनुच्छेद ३७ नुसार ही तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. पंचायतींना घटनात्मक दर्जा मिळाला तो ७३ व्या दुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून (भाग ९, अनुच्छेद २४३ ते २४३-ओ). सातारा-सांगलीत स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांना हे अनुच्छेद तोंडपाठ असतात. त्यांच्याच मुलखातला हा आधीचा प्रयोगही त्यांच्या अभ्यासात यायला हवा. फरकही ध्यानात ठेवावा: ७३ व्या दुरुस्तीत गाव, तालुका आणि जिल्हा या तिन्ही स्तरांवरील सदस्य थेट निवडून येतात, औंधात वरचे स्तर अप्रत्यक्ष निवडीचे होते.

मार्च १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. औंध सातारा जिल्ह्यात राहिले. आटपाडी आणि कुंडल १९४९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, त्यालाच १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले.